परक्या घरातला विद्यार्थी

एका देशातील विद्यार्थ्याने दुसऱ्या देशात जाऊन काही महिने किंवा वर्षभर शिकावे, तिकडच्या विद्यार्थ्याला इकडे तशीच सोय मिळावी आणि दोघांनीही पदवी मात्र आपापल्या संस्थेतूनच पूर्ण करावी, या व्यवस्थेला विद्यार्थी-विनिमय म्हणतात. युरोपात १९८७ मध्ये सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेत विद्यार्थ्याला यजमान विद्यापीठाचे शुल्क द्यावे लागत नाही आणि तेथे मिळवलेले श्रेयांक, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे मोजमाप, मायदेशी धरले जातात. त्यामुळे परदेशातील मुक्कामापायी त्याचे वर्ष वाया जात नाही.

ज्ञानाचा प्रवास खानदेशातील चाळीसगावच्या परिसराला नवा नाही. जवळच्या पाटणादेवी येथील शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची नोंद आहे आणि पुढे याच भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथाचे फैजीने १५८७ मध्ये फारसीत, तर कोलब्रुकने १८१७ मध्ये इंग्रजीत भाषांतर केले. तथापि ग्रंथाबरोबर गणित परमुलखात पोहोचते, ते ज्यांनी रचले त्यांची राहणी पोहोचत नाही. त्यासाठी माणसालाच जावे लागते. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेऊन परतले आणि घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून खऱ्या देखाव्याचा भास निर्माण करणाऱ्या ‘टेबलटॉप’ छायाचित्रणासाठी ख्यातनाम झाले. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे घर आज संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे.

केवळ परदेशी राहिल्याने समज येते, असे मात्र नाही. वसतिगृहात आपल्याच देशबांधवांच्या घोळक्यात राहून परतणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. १८८३ मध्ये अमेरिकेत उतरलेल्या आनंदीबाई जोशी महाविद्यालयात दाखल होण्यापूर्वी न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात राहिल्या, हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. परक्या घरात विद्यार्थी पाहुणा असतो आणि काही दिवसांतच घरचे मूलही होतो. मराठी घरात चपला कुठे काढायच्या, पंगतीत आग्रह झाला तर नको कसे म्हणायचे, घरातल्या थोरांपुढे कसे वागायचे, हे त्याला चुकत चुकत शिकावे लागते. त्या घरालाही काही शिकावे लागते. सुस्थितीतील अमेरिकी कुटुंबातली मुलेही महाविद्यालयाच्या भोजनगृहात भांडी घासून आपला खर्च भागवतात, हे कळल्यावर श्रमाविषयीच्या कितीतरी जुन्या समजुती हलतात.

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील महाविद्यालयांच्या संघाने पुण्यात चालवलेल्या भारत-अभ्यास कार्यक्रमात नेमकी हीच दोन अंगे होती: विद्यार्थ्यांनी मराठी शिकायची आणि मराठी कुटुंबात राहायचे. या संघातील कार्लटन महाविद्यालयात एलिनॉर झेलियट यांनी दीर्घकाळ इतिहास शिकवला. त्यांचा प्रबंध डॉ. आंबेडकर आणि महार समाजाच्या चळवळीवर होता आणि चोखामेळ्यापासून दलित कवितेपर्यंतचे महाराष्ट्राचे अंतरंग त्यांनी अमेरिकी वाचकांपुढे मांडले. त्याच महाविद्यालयाच्या पदवीधर गेल ऑमव्हेट यांनी सत्यशोधक चळवळीवर संशोधन केले, १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व स्वीकारले आणि सांगली जिल्ह्यातील कासेगाव हेच आपले गाव मानले. सगळेच विद्यार्थी इतके खोल उतरत नाहीत, परंतु भाषा आणि घर या दोन वाटा त्यांच्यापुढे खुल्या असल्याच पाहिजेत.

आज खानदेशातून कर्ज काढून परदेशी पदवीसाठी जाणाऱ्या मुलामुलींचे कौतुक करावे तेवढे थोडेच, पण ती एकेरी वाट आहे; तिला विनिमय म्हणता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी भारतीय आणि परदेशी संस्थांना संयुक्त अभ्यासक्रम चालवण्याची मुभा दिली आहे. तिचा लाभ मोठ्या शहरांपुरता राहू नये, यासाठी जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठासारख्या संस्थांनी आपल्याकडे शिकण्याजोगे काय आहे, हे आधी सांगितले पाहिजे. पाटणादेवीचा शिलालेख, मूस यांची छायाचित्रे, कापूस-केळीची शेती आणि अहिराणी बोली एवढी सामग्री एका सत्राच्या अभ्यासाला पुरून उरेल. उरतो तो प्रश्न यजमान कुटुंबांचा. आलेल्या विद्यार्थ्याला भाकरी आणि शेवभाजी वाढून, सहा महिने त्याच्याशी इंग्रजीचा आधार न घेता बोलायला तयार असणारी घरे चाळीसगावात शोधावी लागतील आणि हे काम विद्यापीठापेक्षा गावातल्या शिक्षकांना अधिक चांगले जमेल.