टेंभुर्णीची केळी आणि तीन ‘बिलं’

आपल्या माढा तालुक्यातल्या टेंभुर्णीहून केळीचा रीफर (शीत) कंटेनर आखाताकडे निघतो. त्यासाठी निर्यातदाराकडे आयईसी (आयात-निर्यात कोड) क्रमांक हवा. हल्ली पॅन तोच आयईसी. शिवाय कीड-रोग नसल्याचा फायटोसॅनिटरी दाखला.

गोंधळ होतो कागदपत्रांच्या नावांचा. ‘शिपिंग बिल’ हे बिल नव्हेच! सीमाशुल्क कायदा १९६२, कलम ५० प्रमाणे निर्यातदाराने कस्टम्सला दिलेलं ते घोषणापत्र. माल ताब्यात घेतल्याची जहाज कंपनीची पावती म्हणजे ‘बिल ऑफ लेडिंग’. आयातीला ‘बिल ऑफ एन्ट्री’, कलम ४६.

शेवटी कलम ५१ची ‘लेट एक्सपोर्ट ऑर्डर’. हा ‘लेट’ उशिराचा नाही हं, ‘जाऊ द्या’ असा! तोवर न्हावा-शेवा बंदरात कंटेनर उभा, आत केळी १३-१४ अंशांवर गारठलेली.