पावसाळ्यात नाहीसं होणारं हॉटेल

बालदोस्तांनो, एक कोडं घालू? असं कोणतं हॉटेल आहे, ज्याला भिंती नाहीत, फरशी नाही आणि जे जुलैमध्ये शोधायला गेलात तर जागेवर सापडतच नाही?

ओळखलंत? गोव्याच्या किनाऱ्यावरचं ‘शॅक’! बांबूचे आणि लाकडाचे खांब, वर माडाच्या झावळ्यांचं छप्पर, पायाखाली मऊ वाळू आणि समोर समुद्र. कळंगुट, बागा, कोलवा, पाळोळे अशा किनाऱ्यांवर ही शॅक्स ओळीनं उभी असतात. सहलीला गेल्यावर आईबाबांनी तुम्हाला तिथं जेवायला नेलं, तर गरमागरम बांगडा ताटात येईपर्यंत नुसते चमचे वाजवत बसू नका. भोवताली नीट बघा. तिथं भूगोल, इतिहास आणि विज्ञान असे तिन्ही तास एकाच वेळी चालू असतात. शेवटी एक परीक्षाही आहे बरं का! घाबरू नका, ती पाठांतराची नाही.

हॉटेल जातं कुठं?

जूनमध्ये नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे अरबी समुद्र खवळून टाकतात. मोठमोठ्या लाटा किनाऱ्यावर आपटतात आणि परत जाताना वाळू ओढून नेतात. किनारा अरुंद होतो. पाऊस सरला, समुद्र शांत झाला, की छोट्या लाटा तीच वाळू थोडी थोडी करून परत आणून टाकतात. म्हणजे डिसेंबरात तुम्ही जिथं खुर्ची टाकून ऐटीत बसता, तिथं जुलैत लाटांचं थैमान चाललेलं असतं. अशा जागी पक्कं घर कोण बांधणार?

कायदाही तेच सांगतो. १९९१ साली केंद्र सरकारनं किनारपट्टीसाठी नियम केले आणि भरतीच्या रेषेजवळच्या बांधकामांवर मर्यादा घातल्या. २०११ च्या नियमांत गोव्याच्या शॅकसारख्या तात्पुरत्या बांधकामांना मुभा मिळाली. पण सप्टेंबर ते मे एवढीच. मुदत संपली, की खांब उपटायचे, झावळ्या उतरवायच्या आणि गाशा गुंडाळायचा!

आणि पंखे कमी असूनही दुपारी तिथं गार का वाटतं? वाळू झटकन तापते, समुद्राचं पाणी सावकाश तापतं. जमिनीवरची गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा धावत येते. भूगोलाच्या पुस्तकातले ‘खारे वारे’ ते हेच! रात्री जमीन लवकर निवते, मग वारा उलटा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. त्याला म्हणतात ‘मतलई वारे’.

ताटातला इतिहास

आला का बांगडा? त्याच्या पोटात भरलेला लालभडक मसाला दिसतोय? त्याला ‘रेशाद’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, त्याचा अर्थच ‘भरलेलं’. लाल मिरची, लसूण, मिरी आणि व्हिनेगर घालून तो वाटतात. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे साडेचारशे वर्षं, ते तिथं राहिले. ज्या मिरचीशिवाय आपलं पान हलत नाही, ती मुळात अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली. काजूही त्यांनीच ब्राझीलमधून आणला. ‘काजू’, ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्दही पोर्तुगीजच. म्हणजे बटाटावडा-पाव मागताना तुम्ही निम्मं पोर्तुगीज बोलता! आहे की नाही गंमत?

बांगड्याशेजारी भात आणि नारळाच्या रसातली आमटी असेल. कोकणीत या जोडीला ‘शीत-कोडी’ म्हणतात. आणि मासे न खाणाऱ्यांनीही हट्टानं मागावी अशी गुलाबी सोलकढी! तिच्यातलं कोकम मात्र अस्सल आपलं, पश्चिम घाटातलं.

आता परीक्षा

पहिला प्रश्न मेन्यूकार्डावरच आहे. समजा, तिथं सुरमई लिहिलीय. पूर्ण वाढलेली सुरमई एक मीटरहूनही लांब होते. पण ताटात जर वीतभर लांबीची अख्खी सुरमई आली, तर ते समुद्रातलं बाळ आहे असं समजा. तिनं एकदाही अंडी घातलेली नसणार. अशी बाळंच पकडून खाल्ली, तर पुढच्या वर्षीची सुरमई येणार कुठून? म्हणून तर पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. पुष्कळ मासे याच सुमाराला अंडी घालतात. महाराष्ट्र सरकारनं तर २०२३ साली ५४ जातींच्या माशांचा किमान आकार ठरवून दिला. त्याहून छोटा मासा पकडायचा नाही!

दुसरा प्रश्न अंधारात सोडवायचा आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या गोव्यातल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी अंडी घालायला येतात. वाळूत खड्डा करून मादी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. साधारण ४५ ते ६० दिवसांनी इवलीशी पिल्लं, बहुतेक वेळा रात्री, बाहेर पडतात. त्यांना वाट कोण दाखवतं? उजेड! काळोख्या किनाऱ्यावर समुद्राच्या बाजूचं आकाश जरा उजळ दिसतं, तिकडे ती धावतात. पण पाठीमागे हॉटेलांचे झगझगीत दिवे असले, तर बिचारी उलट दिशेला जातात, दमून जातात, कुत्र्यांच्या आणि कावळ्यांच्या तोंडी सापडतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावचे लोक तर ही अंडी कुंपण घालून जपतात आणि पिल्लांना समुद्रात सोडतात.

मग उत्तरं काय लिहायची? सोपी आहेत:

• मेन्यूकार्ड उघडण्याआधी विचारा, ‘काका, आज ताजं काय आलंय?’ पिटुकली सुरमई असेल तर ‘नको’ म्हणा. बांगडा, तारली हे लवकर वाढणारे मासे आहेत, ते मागा.

• ताजा मासा ओळखायला शिका. डोळे फुगीर आणि चमकदार, कल्ले लालभडक, आणि बोटानं दाबलं तर खळगा लगेच भरून आला पाहिजे.

• कासवांच्या किनाऱ्यावर रात्री टॉर्च आणि मोबाइलचा फ्लॅश बंद.

• स्ट्रॉ, पिशवी, बाटली वाळूत टाकायची नाही. आईबाबांनी टाकली, तर त्यांनाही उचलायला लावा!

सुट्टी लांब आहे म्हणताय? तोवर रविवारी आईबरोबर कोळणीच्या टोपलीपाशी जा आणि कल्ल्यांची परीक्षा घेऊन बघा. मात्र ‘हा मासा छोटा आहे’ असं मावशींना सांगाल, तेव्हा जरा हळू आवाजात सांगा हं!