गोदेचं पाणी, सचखंडची दिवाळी

"गाव कोणतं गं तुझं?" शेजारी पोळ्या लाटणाऱ्या आजींनी विचारलं. नांदेडचा सचखंड गुरुद्वारा, दिवाळीचे दिवस आणि लंगरमध्ये लाटायला बसलेल्या बायांची लांबच लांब रांग. आजी हजुरी, म्हणजे इथल्याच, शीख. जन्म नांदेडचा, बोली आमच्यासारखीच ठसक्याची मराठवाडी.

"घनसावंगी," मी म्हटलं. त्यांना उमज पडेना. मग सांगितलं, "जांबसमर्थ आमच्याच तालुक्यात येतं. रामदास स्वामींचं जन्मगाव."

आजींचं लाटणं थांबलं. "मग तू तर ओळखीतली निघालीस! तुमचे समर्थ आणि आमचे सहावे गुरू भेटले होते."

जांबला रामनवमीला मी लहानपणापासून जाते, पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. शीख परंपरा सांगते की, तीर्थाटन करताना समर्थांना गढवालमधल्या श्रीनगरला गुरू हरगोबिंद भेटले. गुरू घोड्यावर होते, अंगावर शस्त्रं होती. समर्थांना प्रश्न पडला : नानकदेवांच्या गादीवर बसलेल्या साधूला तलवार कशाला? गुरूंच्या उत्तराचा मथितार्थ असा, की फकिरी मनातली असते. शस्त्र आहे ते गरिबाच्या रक्षणासाठी. नानकांनी मोह सोडला होता, संसार नव्हे. हे उत्तर समर्थांच्या मनाला पटलं, असं ही कथा सांगते.

ही तलवार कुठून आली? 1606 मध्ये पाचवे गुरू अर्जनदेव लाहोरला शहीद झाले, तेव्हा हरगोबिंद जेमतेम अकरा वर्षांचे होते. गादीवर बसताना त्यांनी दोन तलवारी धारण केल्या : एक अध्यात्माची, एक ऐहिक सत्तेची. पुढे जहांगीरनं त्यांना ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैद केलं. सुटकेचा हुकूम आला, तेव्हा सोबतच्या 52 राजांना सोडल्याशिवाय मी बाहेर पडणार नाही, असं ते म्हणाले. जेवढे राजे गुरूंचा अंगरखा धरून येतील तेवढे सुटतील, अशी अट बादशहानं घातली. गुरूंनी 52 गोंड्यांचा अंगरखा शिवून घेतला, आणि एकेक गोंडा धरून सारे राजे बाहेर आले, अशी आठवण शीख जपतात. गुरू अमृतसरला पोचले ते दिवाळीला. म्हणून शिखांची दिवाळी म्हणजे 'बंदी छोड दिवस', कैदी सुटल्याचा दिवस. आजींनी हे सांगितल्यापासून पणती लावताना मला तो अंगरखा आठवतो. आपल्यासोबत दुसरा सुटला, तरच ती सुटका.

नांदेडच्या दिवाळीत आमच्या मातीचाही वाटा आहे. या दिवसांत तख्तस्नान होतं. संगत, म्हणजे जमलेले भाविक, गोदावरीवर जाते, घागरी भरून आणते आणि त्या पाण्यानं तख्त, म्हणजे गुरूंचं आसन, धुतलं जातं. हीच गोदा आमच्या तालुक्याच्या दक्षिण शिवेवरून वाहते. आमच्या उसाला, मोसंबीला शिवून गेलेली नदी परभणी जिल्हा ओलांडून तिथं घागरीत भरली जाते. त्या दिवशी घागरी डोक्यावर घेऊन निघालेली माणसं पाहिली, आणि परकं असं काहीच उरलं नाही.

दहावे गुरू गोविंदसिंह नांदेडला आले ते 1708 मध्ये. इथंच त्यांना माधोदास बैरागी भेटला, तो पुढे बंदासिंग बहादुर झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, देह ठेवण्यापूर्वी, गुरूंनी यापुढे ग्रंथसाहिब हेच गुरू असं सांगितलं. त्या घटनेचा गुरता गद्दीचा सोहळा नांदेडला दिवाळीनंतर होतो. 2008 मध्ये त्याची 300 वर्षं साजरी झाली, तेव्हा देशोदेशीचे शीख इथं आले. आजचा गुरुद्वारा 1832 ते 1837 या काळात महाराजा रणजितसिंहांनी बांधवून घेतला.

बाकीचे सणही आपल्याच दिनदर्शिकेच्या आसपास येतात. कार्तिकी पौर्णिमेला, आपण त्रिपुरं लावतो तेव्हा, गुरू नानकांचं प्रकाशपर्व. त्यांचा जन्म 1469 चा. 1430 पानांच्या ग्रंथसाहिबचा पाठ करणारे आळीपाळीनं बसतात आणि सुमारे 48 तासांत तो अखंड वाचून पुरा करतात. पहाटे प्रभातफेरी निघते, मग नगरकीर्तन, पुढे पंजप्यारे, म्हणजे पाच प्यारे. वैशाखीला 1699 मध्ये आनंदपूरला खालसा पंथ उभा राहिला. गुरू गोविंदसिंहांच्या हाकेला ओ देऊन पुढे आलेल्या पहिल्या पाच प्याऱ्यांपैकी साहिबसिंग हे आपल्या शेजारच्या बिदरचे, जातीनं न्हावी. होळीला होला महल्ला. नांदेडला होळी आणि दसऱ्याला 'हल्ला' होतो : अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली की निशाणं, घोडे आणि उपसलेल्या तलवारी घेऊन संगत धाव घेते. जेठाच्या उन्हात गुरू अर्जनदेवांचा शहीदी दिवस येतो. ज्या गुरूंनी तापलेल्या तव्यावरचा छळ सोसला असं सांगतात, त्यांच्या स्मरणार्थ रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला थंड सरबत पाजतात. सोसलेल्या दाहाची आठवण दुसऱ्याची तहान भागवून जपायची, यापेक्षा मोठा धडा मी कोणत्याच सणात पाहिला नाही.

याच अर्जनदेवांनी 1604 मध्ये ग्रंथ संपादित केला, तेव्हा आपल्या नरसीच्या नामदेवांची 61 पदं त्यात घेतली. ज्यापुढे जगभरचे शीख माथा टेकवतात, त्यात मराठवाड्यातल्या शिंप्याचा शब्द आहे. पंजाबातलं घुमान नामदेवांचं म्हणून ओळखलं जातं. 2015 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथं झालं.

हे नामदेवांचं मी आजींना सांगत होते. त्या ऐकत होत्या, हात थांबत नव्हते. मग म्हणाल्या, "बाई, सण असो नसो, इथं पोळी लाटायची. ती कुणाच्या ताटात जाते, ते लाटणारीला कधी कळत नाही."

दुपारी मी पंगतीत बसले. एका बाजूला ट्रकचालक, दुसऱ्या बाजूला चंदीगडचं कुटुंब. लंगरमध्ये पोळीला 'प्रशादा' म्हणतात आणि तो दोन्ही हात पुढे करून घेतात. सेवादारानं वाकून माझ्या ओंजळीत गरम प्रशादा ठेवला. कुणी लाटला होता, मला माहीत नाही.