गाडीच्या पोटाखालचा कचरा

सर्व्हिसिंगसाठी गाडी लिफ्टवर चढते, तेव्हा मालक बहुधा बाहेरच्या खुर्चीत मोबाइल पाहत बसलेला असतो. त्यामुळे तिच्या पोटाखाली वर्षभरात काय साठले आहे, हे मेकॅनिकशिवाय कोणी पाहत नाही. काळ्या प्लॅस्टिकचे खालचे कव्हर उतरवले, की मूठभर खडी, वाळलेल्या चिखलाची ढेकळे, कुजलेली पाने आणि वितळून चिकटलेली एखादी कॅरी बॅग खाली पडते. झाडून घेतले, कव्हर पुन्हा चढवले, की विषय संपतो. गाडी मात्र हा कचरा घेऊन महिनोन्‌महिने धावलेली असते.

या कव्हरला गॅरेजमध्ये कोणी ‘स्प्लॅश शिल्ड’ म्हणते, कोणी ‘अंडर कव्हर’, तर कोणी नुसताच ‘खालचा गार्ड’. ते बहुतेक गाड्यांत प्लॅस्टिकचे किंवा दाबून घट्ट केलेल्या तंतूंचे असते आणि क्लिपा व स्क्रूंनी बसवलेले असते. चाकांनी उडवलेले पाणी इंजिनाच्या पट्ट्यांवर आणि वायरिंगवर जाऊ न देणे हे त्याचे पहिले काम. दुसरे काम हवेचे. गाडीची खालची बाजू खाचाखळग्यांची असेल, तर हवा तिथे अडखळते, भोवरे तयार होतात आणि गाडीला मागे खेचतात. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरला जेवढा, त्याच्या चौपट ८०ला. म्हणून अलीकडच्या, विशेषतः विजेवरच्या गाड्यांचे पोट सपाट झाकलेले असते.

हीच हवा एखादी क्लिप निसटली की उलटते. कव्हरची पुढची कड खाली लोंबली, की ते सुपासारखे हवा आणि कचरा भरून घेऊ लागते. तीन चौरस फुटांचा तुकडा हवेत असा आडवा आला, तर ताशी ८० किलोमीटरला त्यावर सुमारे ८ किलोंचा आणि १००ला सुमारे १३ किलोंचा दाब पडतो. मग उरलेल्या क्लिपाही एकेक करून तुटतात. वेग वाढला की खालून फडफड ऐकू येणे आणि गतिरोधकावर काही घासल्याचा आवाज होणे, या त्याच्या खुणा. रेडिओचा आवाज मोठा असेल, तर दोन्ही हुकतात.

खडीचा हिशेब वेगळा. टायरच्या खाचेत अडकलेला खडा सुटतो, तेव्हा तो जवळपास गाडीच्याच वेगाने खालच्या भागावर आदळू शकतो. ५० ग्रॅमचा खडा ताशी ९० किलोमीटरने आदळला, तर त्याची ऊर्जा दीड किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडण्याएवढी असते, आणि ती सगळी एका टोकावर एकवटलेली असते. पत्र्यावरचा संरक्षक लेप तिथे उडतो आणि गंज त्या टिंबापासून सुरू होतो. खड्डे खडीने तात्पुरते बुजवलेल्या किंवा काम चालू असलेल्या रस्त्यावर पुढच्या वाहनापासून जास्त अंतर ठेवणे आणि वेग कमी करणे, यापेक्षा चांगला उपाय नाही.

समुद्रकिनारी आणखी एक भर पडते. कोकणात सुटीला गेलेल्या गाड्या थेट वाळूत उतरवण्याची हौस अनेकांना असते. ओली खारट वाळू कव्हरच्या मागे जाऊन बसते. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, त्यामुळे वरून कोरडी दिसणारी वाळू पत्र्याला लागून ओलसर राहते. गंजाला लोखंड, पाणी आणि प्राणवायू एवढेच लागते. मीठ त्या क्रियेचा वेग वाढवते. गाडी घरी आल्यावर वरून धुतली, फोटो काढले, तरी आतली वाळू तिथेच असते. खालची बाजू गोड्या पाण्याने धुऊन घ्यायची, तर ती त्याच आठवड्यात. दारांच्या आणि पायरीखालच्या पट्टीची पाणी निचरण्याची छिद्रेही तेव्हाच मोकळी करावीत.

सर्वांत मोठा धोका आगीचा. एक्झॉस्टच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करू लागतो, तोच २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि गाडी जोरात चालत असेल तर त्याहून बराच तापतो. बीएस-६ नियम १ एप्रिल २०२०पासून लागू झाल्यावर आलेल्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळून टाकताना त्याचे तापमान ६०० अंशांच्या घरात जाते. कॅरी बॅगचे प्लॅस्टिक सव्वाशे अंशांपर्यंत वितळते आणि वाळलेले गवत तीनशेच्या आसपास पेट घेऊ शकते. या दोन तापमानांच्या मध्ये जे असते ते उष्णतारोधक पत्रा आणि थोडी मोकळी जागा. कचऱ्याने ती जागा भरली, की अंतर संपले. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नये, असे वाहनाच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते ते यामुळेच.

कर्नाटकातल्या अनेक गावांत काढणीच्या दिवसांत हुलगा, नाचणी कापून थेट डांबरी रस्त्यावर पसरतात. ये-जा करणाऱ्या वाहनांच्या चाकांखाली फुकटात मळणी होते. शेतकऱ्याकडे खळे नसते, मजूर महाग असतात. त्याची अडचण खरी आहे. पण कोल्हापूर-सोलापूरकडून खाली उतरणाऱ्या गाडीसाठी ते काड जीवघेणे ठरू शकते. ते एक्सलभोवती गुंडाळले जाते, कव्हरच्या कडेतून आत शिरते, घासून तापते आणि एक्झॉस्टला टेकते. अशाने गाड्या पेटल्या आहेत. काडावरून जाणे टाळता येत नसेल तर सावकाश जावे, थोड्या अंतरावर मोकळ्या डांबरावर थांबून, इंजिन बंद करून खाली पाहावे. काड दिसले, तर गाडी थंड झाल्यावरच काठीने ओढून काढावे. धूर येत असेल, तर आधी सगळ्यांनी उतरून लांब जायचे. बॉनेट उघडून पाहण्याचा मोह नको. आत हवा गेली की ज्वाळा उसळते.

विजेवरच्या गाड्यांनी ही चिंता नव्या जागी नेली, कारण त्यांची बॅटरी बहुधा पोटाखालीच असते. ऑक्टोबर २०१३मध्ये अमेरिकेत सिएटलजवळ टेस्लाची मॉडेल एस रस्त्यावर पडलेल्या धातूच्या वाकड्या तुकड्यावरून गेली. तुकडा चाकासमोर न येता गाडीखाली उभा राहिला आणि बॅटरीखालचे पाव इंच जाडीचे अॅल्युमिनियमचे चिलखत भेदून वर घुसला. गाडीनेच चालकाला बाजूला थांबायला सांगितले, तो सुखरूप उतरला आणि मग पुढचा भाग पेटला. पुढच्याच महिन्यात टेनेसी राज्यात ट्रेलर जोडण्याच्या लोखंडी आकड्याने तसेच घडले. तिथल्या वाहनसुरक्षा यंत्रणेने चौकशी सुरू केली. मार्च २०१४मध्ये कंपनीने गाडीखाली तीन थर वाढवले. सर्वांत पुढे, अडथळ्याला दूर ढकलणारी किंवा बॅटरीच्या बरेच आधी वर वळवणारी अॅल्युमिनियमची पोकळ गोलाकार दांडी. मागे टायटॅनियमचा पत्रा. त्यामागे अॅल्युमिनियमचीच उतरती पट्टी. जुन्या ग्राहकांनाही ते फुकट बसवून मिळाले आणि चौकशी बंद झाली. कंपनीच्या सांगण्यानुसार यामुळे गाडीचा पल्ला फक्त ०.१ टक्का घटला. टणक पत्रा घालून धक्का सोसण्यापेक्षा पहिल्याच दांडीने अडथळ्याला बॅटरीपर्यंत पोहोचू न देणे, ही त्यातली खरी हुशारी.

आपल्याकडे बाहेरून लोखंडी गार्ड बसवून घेण्याची पद्धत आहे. घाटाच्या, दगडाच्या वाटांवर तो उपयोगी पडतो. पण निचऱ्याची छिद्रे नसलेला गार्ड म्हणजे चिखल साठवण्याचे घमेले. तो इंजिनाची उष्णता कोंडतो आणि वजनामुळे गाडी थोडी खालीही बसते.

उंदरांना मात्र कोणतेही कव्हर आवडते. ऊब, आडोसा आणि पानांचा बिछाना आयता मिळतो. तिथे लेंड्या किंवा घरटे दिसले, तर कोरडा झाडू मारू नये. आधी जंतुनाशक पाणी शिंपडावे, हातमोजे आणि मास्क घालावा. लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू उंदरांच्या मूत्रातून येतात आणि हातावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. पावसाळ्यात तर हे विसरून चालत नाही.

घरी तपासणी करायची, तर सपाट जमिनीवर, इंजिन बंद करून, मोबाइलचा टॉर्च आणि कॅमेरा खाली धरून पाहिले तरी पुरते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक टायर बदलण्यापुरता असतो. कव्हर लोंबत असेल, तर जवळच्या गॅरेजपर्यंत केबल टायने बांधता येते, मात्र एक्झॉस्टपासून दूर. विजेवरच्या गाडीला खालून जोराचा मार बसला असेल, तर काही बिघडलेले दिसत नसले तरी चार्जिंगला लावू नये. ती उघड्यावर, इमारतीपासून लांब उभी करून सर्व्हिस सेंटरला कळवावे. दुखावलेली बॅटरी काही तासांनी, कधी त्याहूनही उशिरा पेटू शकते.

राहिल्या क्लिपा. अनेक गाड्यांत ऑइल बदलताना खालचे कव्हर काढावेच लागते. घाईत दोन क्लिपा तुटतात, एक हरवते, आणि कव्हर उरलेल्यांवर टांगले जाते. क्लिप काही रुपयांची असते. गाडी लिफ्टवरून उतरण्याआधी खाली उभे राहून त्या मोजून घेतल्या आणि नसलेल्या तिथेच बसवून घेतल्या, तर पाच मिनिटे जातात.