रक्तस्राव आणि शेजारचा माणूस

प्रौढ मनुष्याच्या देहात सुमारे पाच लिटर रक्त खेळत असते आणि त्यातले दोन लिटर गेले की प्राणावर बेतते, हे बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. परंतु मांडीची मोठी रोहिणी तुटली असता तेवढे रक्त वाहून जाण्यास काही मिनिटेच पुरतात, आणि या अल्प अवधीत जखमीपाशी जो असतो तो बहुधा वैद्य नसून वाटसरू, शेजारी किंवा सोबतीचा मजूर असतो, याचा विचार क्वचितच होतो.

रक्तवाहिनी फाटताच ती आकुंचन पावते, रक्तबिंबिका त्या भगदाडापाशी गोळा होतात आणि फायब्रिनच्या तंतूंचे जाळे विणले जाऊन गुठळी धरते. विळीवर कापलेले बोट या यंत्रणेच्या बळावरच बरे होते, श्रेय मात्र हळदीला मिळते! मोठ्या रोहिणीत हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी येणारा लोंढा अर्धवट धरलेली गुठळी धुऊन नेतो, आणि तेथे हळद, चहाची पूड वा कॉफी भरणे व्यर्थ होय. अशा वेळी स्वच्छ कापड जखमेवर धरून दोन्ही तळव्यांनी, अंगाचा भार देऊन दाबले, तर प्रवाह मंदावतो आणि गुठळीला सवड मिळते. मांडीचा सांधा किंवा काख येथे जखम खोल असल्यास कापड नुसते वर न ठेवता आत तळापर्यंत ठासून भरावे व मग दाबावे. ‘थांबले का’ हे पाहण्यासाठी घडीघडीला हात उचलणारा मनुष्य आपल्या उत्सुकतेपायी नुकतीच धरलेली गुठळी उचकटत असतो. छातीत किंवा पोटात होणारा रक्तस्राव मात्र बाहेरच्या दाबाला दाद देत नाही. तेथे त्वरेने इस्पितळ गाठणे एवढेच हाती उरते.

हातापायांसाठी आणखी एक साधन आहे, ते म्हणजे टूर्निकेट, अर्थात आवळपट्टा. पॅरिसचे शल्यविशारद झां-लुई पेती यांनी 1718 साली त्याला स्क्रूची जोड दिली. परंतु पुढे युद्धांत तासन् तास आवळून राहिलेल्या पट्ट्यांपायी अवयव गमवावे लागल्याचा बोलबाला इतका झाला की, प्रथमोपचाराच्या पुस्तकांनी त्याला अखेरचा उपाय ठरवून जवळजवळ हद्दपार केले. ही बदनामी पुसली ती इराकच्या युद्धात. बगदादच्या अमेरिकी लष्करी इस्पितळात जॉन क्रॅग या शल्यचिकित्सकांनी 2006 साली केलेल्या निरीक्षणांत, रक्त कमी पडून शॉकची अवस्था येण्यापूर्वी पट्टा बांधलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के वाचले, नंतर बांधलेल्यांपैकी अवघे 10 टक्के.

डिसेंबर 2012 मध्ये कनेक्टिकटमधील सँडी हुक शाळेत 20 मुले व 6 प्रौढ गोळीबारात बळी पडले. त्यानंतर हार्टफर्डचे शल्यचिकित्सक लेनवर्थ जेकब्स यांच्या पुढाकाराने तज्ज्ञांची समिती बसली, आणि रक्तस्राव थांबविण्याचे कसब सामान्य नागरिकांपर्यंत न्यावे असा विचार तीत क्रमाने दृढ होत गेला. समितीचे काम चालू असतानाच, एप्रिल 2013 मध्ये, बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. जखमींना बांधलेले पट्टे तेथल्या तेथे हाताशी आलेल्या वस्तूंचे होते, आणि त्यांतील पुष्कळसे सैल पडले. सैल पट्टा तर निरुपयोगापेक्षाही वाईट. वरवरची नीला दबून परतीचा मार्ग बंद होतो, खोलवरची रोहिणी चालूच राहते, आणि जखमेतून रक्त अधिकच वाहते. अखेर, हे कसब सामान्य नागरिकांना शिकविण्यासाठी ऑक्टोबर 2015 मध्ये ‘स्टॉप द ब्लीड’ ही मोहीम व्हाइट हाउसमधून जाहीर झाली.

अमेरिकेला ही कल्पना नवी वाटली असेल, पण जर्मनीत कील येथील शल्यविशारद फ्रीडरिख फॉन एस्मार्क यांनी लंडनला सेंट जॉन संस्थेचे प्रथमोपचाराचे वर्ग पाहून 1882 च्या सुमारास सामान्यजनांसाठी ‘समारितन’ शाळा काढली होती. सैनिकांसाठी त्यांनी तिकोनी कापडावर ते कसे बांधावे याची चित्रेच छापून दिली. निरक्षरालाही कळावे असे ते पाठ्यपुस्तक मला आजच्या कित्येक चकचकीत पुस्तिकांहून अधिक सुबोध वाटते.

आपल्याकडे अडचण अज्ञानाइतकीच पोलीस चौकीची. जबानी, पंचनामा आणि कोर्टाच्या तारखा यांच्या धास्तीने लोक गर्दी करीत, पण हात लावीत नसत. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2016 मध्ये मदतनीसाच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आले. सद्‌भावनेने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

आता शिकवायचे ते थोडकेच. तयार पट्टा मिळाल्यास उत्तम. नाहीतर दीड-दोन इंच रुंदीचे मजबूत कापड घ्यावे, दोरी किंवा वायर मांसात रुतते म्हणून टाळावी. जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा सोडून बांधावे आणि गाठीत काठी वा पाना अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळावे. वेदना होणारच, त्याने कचरू नये. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी, कारण दोन तासांच्या आत धोका सहसा अल्प असतो आणि इस्पितळातील शल्यचिकित्सक पहिला प्रश्न तोच विचारतील. दर पंधरा मिनिटांनी पट्टा सैल करावा हा जुन्या पुस्तकांतला सल्ला आता रद्द समजावा. एकदा आवळलेला पट्टा वाटेत कोणीही सोडू नये.