टिळकांच्या घरातली पाळकीणबाई

पाळकपदाची दीक्षा देताना ज्येष्ठ पाळक नव्या पाळकाच्या मस्तकावर हात ठेवतात, प्रार्थना करतात, सारी मंडळी उभी राहते. त्याची बायको पुढच्या बाकावरून हे बघत असते. तिला कोणी काही विचारलेलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र दार वाजतं ते दोघांच्या घराचं. कुणाच्या घरी मयत झालेली असते, कुणाची लेक माहेरी परत आलेली असते, कुणाजवळ गावी जायला भाडं नसतं. पाळकसाहेब खेड्यावर उपासनेला गेलेले असले की दारात उभी राहते ती पाळकीणबाई. बायकांची सभा तिने चालवायची, आजाऱ्याच्या उशाशी बसून शास्त्र वाचायचं, नाताळात आल्यागेल्याच्या हातावर फराळ ठेवायचा. पगार एकाचा, काम दोघांचं. राहतं घर मिशनचं, म्हणजे बदलीचा कागद आला की भांडीकुंडी बांधायची.

या आयुष्याबद्दल मराठीत एक थोर पुस्तक आहे आणि आपण ते भलत्याच कारणासाठी वाचत आलो, असं मला फार दिवसांपासून वाटतं. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा तापट, उदार, लहरी स्वभाव, नवराबायकोची भांडणं, लक्ष्मीबाईंची सरळ, हसरी भाषा यांचं कौतुक शाळेपासून होत आलंय आणि ते योग्यच आहे. पण त्या हसण्याखाली एका बाईच्या श्रद्धेची हकिकत आहे. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको ख्रिस्ती झाली, असं तिथे घडलेलं नाही. ही बाई आपल्या बुद्धीने, आपल्या वेळेने, पुष्कळ रडून आणि पुष्कळ विचार करून त्या उंबऱ्याशी आली.

नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली गोखल्यांच्या घरी त्या जन्मल्या. माहेरचं नाव मनकर्णिका. सत्तावन्नच्या बंडात घरातल्या एका वडीलधाऱ्याला फाशी झाली, त्या धक्क्याने वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की बाजारातून आलेलं धान्यच काय, मीठसुद्धा धुऊन घरात घेतलं जाई. मीठ धुतल्यावर मागे उरणार काय? पण त्या घरात तो प्रश्न विचारायची सोय नव्हती. विटाळ हवेत असतो, माणसात असतो, सावलीत असतो, हे ज्या मुलीने कळायला लागल्यापासून पाहिलं, तिला पुढे नगर जिल्ह्यातल्या महार-मांग समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत वावरायचं होतं. लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेचा सगळा प्रवास या दोन टोकांमधला आहे.

वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झालं. टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. कवी, संस्कृतज्ञ, पण कुठे टिकून राहणं स्वभावात नाही. आज या गावी नोकरी, उद्या त्या गावी. लिहावाचायला लक्ष्मीबाईंना त्यांनीच शिकवलं. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारले गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या, पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून नाहीसा झालेला. विधवेला निदान काय करायचं ते शास्त्राने सांगून ठेवलं होतं. हिला कोणीच काही सांगू शकत नव्हतं. बहीण भिकूताई आणि मेहुणे पेंडसे यांनी त्यांना पंढरपुरात आधार दिला. वर्षांमागून वर्षं गेली. याच ताटातुटीत त्यांना कविता होऊ लागली.

इथे एका कायद्याची आठवण करून द्यायला हवी, म्हणजे टिळकांच्या बाजूचंही मोल कळेल. धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला येत नसेल, तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला कोर्टात जाऊन तो विवाह मोडून घेता येईल, अशी तरतूद सरकारने १८६६ सालीच केली होती. मग दुसरं लग्न करायला तो मोकळा. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. पत्रं लिहीत राहिले, वाट बघत राहिले. तापट माणसाची ही चिकाटी मला त्यांच्या पुष्कळशा कवितांपेक्षा मोठी वाटते.

शेवटी लक्ष्मीबाई टिळकांकडे नगरला आल्या, पण ख्रिस्ती व्हायला आल्या नव्हत्या. नवऱ्याजवळ राहायचं, धर्म आपापला. सोवळं कायम, चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी आग्रह धरला नाही. बायकोला तर्काने जिंकता येईल एवढे ते नक्कीच पंडित होते. तो मोह त्यांनी आवरला. मग लक्ष्मीबाईंच्या मनात एक प्रश्न आपसूक उभा राहिला. माणसांमधले हे भेद देवाने केले की माणसांनी? पशुपक्ष्यांच्या जाती डोळ्यांना दिसतात, माणसांत तर बाई आणि पुरुष एवढंच दिसतं. मग बाकीचं कुठून आलं? त्यांनी याचा आपल्यापुरता निकाल लावला आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं.

हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी विटाळ गेला, बाप्तिस्मा मागाहून आला. येशूवर विश्वास बसायच्या आधी त्यांनी शेजारच्या माणसाच्या हातचं पाणी घेतलं. धर्मशास्त्राची जाड पुस्तकं वाचून पाळक झालेल्या कितीतरी जणांना हा क्रम साधलेला नाही, आणि मंडळीत येऊनही जात बरोबर घेऊन आलेली घरं महाराष्ट्रात आजही आहेत. जन्मभराचं सोवळं सोडायचं तर बुद्धीला पटून भागत नाही. हात आखडतो, घास घशाशी अडतो. ज्या घरी मीठ धुऊन घेत, त्या घरच्या लेकीचा तो घास गिळला जाणं, याला मी श्रद्धा म्हणेन. १९०० साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली १९०४ मध्ये. तिथून लक्ष्मीबाईंचा पाळकीणबाईचा संसार रीतसर सुरू झाला, असं म्हणायचं. प्रत्यक्षात तो आधीपासूनच चालू होता. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. मागणारा आला की खिसा रिकामा, आणि घरात संध्याकाळी काय शिजवायचं ही काळजी लक्ष्मीबाईंची. शिवाय घरात माणसं किती! निराधार मुलं आणून सांभाळायची टिळकांना हौस, सांभाळायची ती लक्ष्मीबाईंनी. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, नगरला याच घरात मुलासारखे राहिले. मराठी कवितेच्या इतिहासात टिळक आणि बालकवी यांच्या नात्यावर भरपूर लिहिलं गेलंय. त्या पोराला रोज दोन वेळा वाढणारे हात कुणाचे होते, हे मात्र ओझरतं येतं.

पाळकांच्या चरित्रांत दानाचं वर्णन नेहमी देणाऱ्याच्या बाजूने येतं. ‘स्मृतिचित्रे’त ते डब्यातल्या पिठाच्या बाजूने येतं. लक्ष्मीबाई चिडतात, भांडतात, टिळकांना चार शब्द सुनावतात, आणि मग ताट वाढतात. त्या चिडण्यामुळेच मला त्यांचं वाढणं खरं वाटतं. सोशिक, गालातल्या गालात हसणारी, कधीच न थकणारी पाळकाची बायको प्रवचनांत पुष्कळ भेटते. तसं वागायला गेलेल्या बायका आतून किती वाळून जातात, हे मंडळीतल्या जुन्याजाणत्या बायकांना विचारावं. नगरला प्लेग आला, तेव्हा याच चिडणाऱ्या बाईने मिशनच्या रोगी मुलींची शुश्रूषा केली. प्लेगच्या माणसाजवळ सख्खी माणसं थांबत नसत, त्या दिवसांतली ही गोष्ट.

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा करायला निघाले. ख्रिस्ताला मानणाऱ्या सगळ्यांना, बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांना, एकत्र बसवणारं काहीतरी त्यांना हवं होतं. कल्पना थोर आहे, तिच्यावर वेगळा लेख व्हावा. पण ठरलेला पगार थांबला म्हणजे घरात काय थांबतं, ते पाळकीणबाईलाच ठाऊक. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले.

पाळक गेल्यावर पाळकीणबाईचं मंडळीतलं स्थान एका रात्रीत बदलतं. घर पुढच्या पाळकाला लागतं. कालपर्यंत बायकांच्या सभेत सगळे जिच्या तोंडाकडे बघत, ती आता मागच्या बाकावर बसते. तिची श्रद्धा नवऱ्याच्या पदाला टेकून उभी असेल, तर ती इथे कोसळते. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीत होत्या. मुलाबरोबर कराचीला राहिल्या, पुढे नाशिकला आल्या. ख्रिस्ताची कीर्तनं केली, आठवणी लिहायला घेतल्या. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या. चौथा भाग त्यांच्या पश्चात आला.

या सगळ्या वर्षांत आणखी एक काम चालू होतं. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचं ओवीबद्ध महाकाव्य आरंभलं होतं, येशूच्या चरित्राचं. साडेदहा अध्याय झाले आणि ते गेले. नवऱ्याचं अपुरं काव्य बायकोने बासनात बांधून जपून ठेवलं असतं, तरी जगाने तिला नावाजलं असतं. लक्ष्मीबाईंनी पुढच्या ओव्या रचायला घेतल्या. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई. पण जात्यावरची, देवघरातली, कीर्तनातली ओवी त्यांच्या कानात लहानपणापासून होती आणि त्याच चालीवर त्यांनी आपल्या प्रभूची कथा सांगितली. माहेरचं सगळं टाकून त्या ख्रिस्ती झाल्या, असं म्हणणाऱ्यांनी या ओव्या वाचाव्यात. विटाळ तेवढा टाकला होता. भाषा, छंद, पंढरपुरात ऐकलेले टाळ त्यांनी बरोबर नेले.

‘ख्रिस्तायन’ १९३८ साली छापून आलं. ते आज फार थोडे वाचतात, ख्रिस्ती घरांतसुद्धा. टिळकांची गीतं मात्र ‘उपासना संगीत’मधून दर रविवारी गायली जातात, आणि तसं होणं उचितच आहे. गाणाऱ्यांपैकी एखादीने तरी घरी जाऊन ते जाड पुस्तक उघडावं आणि अकराव्या अध्यायाच्या मध्यापासून वाचायला लागावं. तिथून पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंचे आहेत.