गिरमिटियांची पोथी

पिढ्यान्पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपणां मराठी मंडळींना परमुलखात पोथीचा आधार कसा वाटतो, हे निराळे सांगावयास नको. परंतु ज्यांना परत येण्याची शाश्वती नव्हती, त्यांनी एका ग्रंथावर किती भार टाकला, हे फिजी बेटांच्या इतिहासात पाहावे.

१८७९ साली ‘लिओनिडास’ हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन फिजीस पोहोचले. १९१६ पर्यंत अशी साठ हजारांहून अधिक माणसे तेथील उसाच्या मळ्यांवर गेली. करार पाच वर्षांचा असे. ‘ॲग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले आणि करारावर गेलेले ते गिरमिटिया. राहावयास सुमारे दहा फूट लांब व सात फूट रुंद खोली. तीत तीन एकटे पुरुष किंवा एक कुटुंब राही. नेमून दिलेले काम पुरे झाले तर पुरुषास दिवसाला एक शिलिंग व स्त्रीस नऊ पेन्स मिळत. जातपात जहाजावरच बरीचशी गळून पडली होती. एका जहाजातून आलेले ते ‘जहाजीभाई’, हेच नवे गोत.

मळ्यावर ना देऊळ, ना उपाध्याय. मग धर्म टिकावा कसा? येथे तुलसीदासांचे ‘रामचरितमानस’ उपयोगी पडले. उत्तरेकडून आलेल्यांपैकी पुष्कळजण अवध व भोजपुरी मुलखातले होते आणि १५७४ साली आरंभिलेला हा ग्रंथ अवधीत आहे. त्यामुळे तो समजण्यास शास्त्री लागत नसे. दहाजणांत एकास अक्षरओळख असली तरी पुरे. तो वाची, उरलेले ऐकत, अनेकांस तर चौपाया मुखोद्गत असत. संस्कृत ग्रंथांना ही सोय नव्हती.

दुसरे कारण कथेतच आहे. रामाचा वनवास शिक्षा नव्हती, दिलेल्या शब्दाचे पालन होते. आणि त्याला मुदत होती. पाच वर्षांच्या कराराने बांधलेल्या माणसास चौदा वर्षांची ही गोष्ट आपलीच वाटली असल्यास नवल नाही. स्त्रियांना सीता अधिक जवळची वाटली असावी. दर शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठवाव्यात असा नियम होता. त्या विषम वस्तीत त्यांचे हाल फार झाले. मात्र कथेशी हे साम्य शेवटपर्यंत टिकत नाही. राम अयोध्येस परतला. फिजीस गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक परतले नाहीत. दहा वर्षे राहिल्यावर परतीचे भाडे मिळे, तरीही. घरी कोण स्वीकारील, ही धास्ती अनेकांस होती.

जे राहिले त्यांनी रामायण मंडळ्या काढल्या. बहुधा मंगळवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जमून ढोलक व झांजांच्या साथीने पाठ करावा, प्रसाद वाटावा, गावचे तंटेही तेथेच मिटवावेत, असा हा प्रघात. (आपल्या कोकणातूनही कित्येक कुटुंबे अशाच करारावर मॉरिशसला गेली. त्यांनी गणेशचतुर्थी जपली. आज ती तेथे सार्वजनिक सुटी आहे.)

१९८७ साली फिजीत लष्करी उठाव झाले, तेव्हा हजारो भारतवंशीयांना दुसऱ्यांदा देश सोडावा लागला. ते न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया व कॅनडात गेले. सामानात मानसची प्रत होतीच. ऑकलंड व सिडनीतही त्यांच्या मंडळ्या जमतात.